माणसं नसलेली नदी

मूळ चित्र अगदी लहान होतं. दोन्ही पंजे शेजारी शेजारी धरले तर त्यामागे झाकलं जाईल एवढंच. लाकडी फळीवर रंगवलेलं, आणि वरचं वॉर्निश म्हातारं होऊन चहासारखं तांबूस झालेलं. लुसैलच्या एका टॉवरमध्ये, बऱ्याच वरच्या मजल्यावर, एका कतारी साहेबांच्या केबिनमध्ये ते टांगलेलं होतं. शेजारच्या काचेतून समुद्र आणि अर्धं शहर दिसत असल्यामुळे या चित्राकडे कोणी बघत नसे. खालच्या पितळी पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं, जर्मन, अठरावं शतक, नदीचं दृश्य. चित्रकाराचं नाव माहीत नव्हतं. साहेबांनी ते युरोपातल्या कुठल्याशा लिलावात घेतलं होतं आणि घेताना आपण नक्की काय घेतोय याची त्यांना फारशी कल्पना नव्हती, असं त्यांनी स्वतःच मला हसत सांगितलं.

मला बोलावलं होतं ते हे चित्र भिंतीएवढं मोठं करायला. मी ज्या इंटिरियर कंपनीत आहे तिला अशी कामं मिळतात. कोणाला दिवाणखान्यात वाळवंट हवं असतं, कोणाला कॅफेत पॅरिस. मी काही विचारत नाही. भिंत किती, पृष्ठभाग कसा, उजेड कुठून येतो, एवढं बघतो आणि कामाला लागतो. पण या साहेबांनी न विचारता कारण सांगितलं.

चित्र त्यांच्या आईसाठी हवं होतं. आईचे डोळे जात होते. मधलं दिसेनासं झालं होतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोर कोणी उभं राहिलं तर चेहऱ्याच्या जागी काळा डाग, आणि कान, खांदे मात्र स्पष्ट. डोळ्यांत इंजेक्शनं चालू होती, पण गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट केलं होतं. पूर्वी आई ऑफिसात यायच्या तेव्हा काचेकडे पाठ करून या चित्रासमोर खुर्ची ओढून बसायच्या. आता त्यांना ते दिसत नव्हतं. मागे एकदा आल्या तेव्हा भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं होतं, "नदी काढून टाकलीस का?"

"एवढं मोठं कर की तिला कडेने तरी दिसेल," साहेब म्हणाले. "आणि लवकर कर."

मी 'शुअर सर' म्हटलं. लवकर कर हे सगळेच म्हणतात, पण यांचं कारण पटण्यासारखं होतं.

मी मूळचा पेणचा. आमच्या घरात तीन पिढ्या गणपतीचा कारखाना आहे, आणि माझे हात शाडूच्या मातीतच वाढले. पुढे मी चित्रकलेचा डिप्लोमा केला, मोठा चित्रकार होईन असं घरच्यांना आणि मला काही काळ वाटलं, आणि मग मी कतारला आलो. व्हिसावर पेंटर लिहिलं होतं. त्यामुळे पहिली काही वर्षं मेसईदला एका प्लांटमध्ये पाइपांना रंग मारण्यात गेली. त्याचं मला दुःख वगैरे नाही. पाइप निदान मत देत नाहीत. नंतर ओळखीतून या कंपनीत आलो आणि दोह्यातल्या नजमा भागात खोली घेतली, ती अजून तिथेच आहे.

कारखान्यातून एक सवय मात्र अंगात भिनली आहे. पेणला मूर्ती एका हाताची नसते. साच्यातून काढणारा वेगळा, घासणारा वेगळा, अंगाचा रंग देणारा वेगळा, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी करणारा वेगळा. तो येतो तेव्हा बाकीचं काम संपलेलं असतं. आमच्याकडे ते काम काकांचं. ते आखणीला बसले की कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नसे.

लुसैलच्या केबिनमध्ये भिंग लावून ते जर्मन चित्र बघताना मला पहिल्यांदा हेच जाणवलं. नदी, डोंगर, पडका किल्ला, उतारावरचं गाव, चर्चचा टोकदार मनोरा, हे सगळं एका शांत, पातळ हाताचं होतं. माणसं मात्र दुसऱ्याच कोणीतरी घातली होती. नदी सुकल्यावर वरून, जाड रंगाचे ठिपके देऊन. तांदळाच्या दाण्याएवढी माणसं, पण काय जिवंत! पैलतीराला निघालेल्या तरीत, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होडीत, दाटीवाटीने बसलेली, त्यांत एकाचा कोट लाल. शिडाच्या मोठ्या मालवाहू होडीत सुकाणू धरून एक जण. छोट्या होडीत जाळं ओढणारा कोळी. काठाने दोर लावून होडी वर खेचणारे घोडे, घाटावर कपडे धुणारी बाई, पाण्यात पाय सोडून उभ्या गाई आणि एक कुत्रा. त्या काळी तिकडेही एक जण नदी रंगवी आणि माणसं घालायला दुसरा येई, असं मी कुठेतरी वाचलं होतं. समोर ते बघितल्यावर त्या दोघांशी जरा घरोबा वाटला.

म्हणून मी ठरवलं की भिंतीवरही माणसं शेवटी घालायची. सगळं वाळू द्यायचं, मग एक दिवस सकाळी ताज्या नजरेने बसून एकेक माणूस उतरवायचा. खरं सांगायचं तर या कामात मला रस होता तो त्याच दिवसापुरता. डोंगर काय, कोणीही रंगवतं.

साहेबांच्या आईचं घर दोह्याच्या जुन्या भागात होतं. खोली वरच्या मजल्यावर, लांबट. एका भिंतीला जमिनीलगतच्या बैठका, तक्के, कोपऱ्यात नमाजाची चटई, आणि समोरची अख्खी भिंत आम्हाला मोकळी करून दिलेली. माझ्यासोबत कंपनीचा एक माणूस होता, बीडकडचा, पुटी आणि प्रायमरच्या कामात पक्का. घरी बायको, दोन मुली, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याने भिंत इतकी गुळगुळीत घासून दिली की हात ठेवला तर घसरावा. मग प्रोजेक्टर लावून मी रेषा आखल्या आणि आम्ही कामाला लागलो.

काम चांगलं झालं. स्वतःच्या कामाला चांगलं म्हणायची मला सवय नाही, पण ते झालं. पाण्यावरचा उजेड मूळ चित्रात अंगठ्याच्या नखाएवढा होता, तो इथे ताटाएवढा झाला तरी फुटला नाही. आकाश खाली पिवळसर, वर जाताना निळं. नदी उजवीकडून येऊन गावाला वळसा घालून डावीकडे लांब डोंगरात शिरत होती. तीन होड्या रंगवून तयार होत्या, पार नेणारी तरी, मालवाहू होडी आणि कोळ्याची. लांब वळणावर चौथीचं शीड तेवढं दिसत होतं, मोहरीच्या दाण्याएवढं मूळ चित्रात, भिंतीवर बोटाच्या पेराएवढं. फक्त माणसं बाकी होती.

त्याच दिवशी साहेब बघायला आले. खूश झाले. मोबाइलवर फोटो काढले. निघताना दारात वळून म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. माणसं, जनावरं घालू नकोस. आई इथे नमाज पढते. या खोलीत सजीव काही नको."

आता हे आधी सांगायला काय झालं होतं? पण मी तसं म्हटलं नाही. या देशात इतकी वर्षं काढल्यावर हे मला स्वतःला सुचायला हवं होतं, हेही खरं. मूळ चित्र ऑफिसात माणसांसकट टांगलेलं बघून मी गृहीत धरून चाललो होतो. "नो प्रॉब्लेम सर," मी म्हणालो. ज्या दिवसाची वाट बघत होतो तो दिवसच कामातून गेला, आणि मला चांगलाच राग आला. तो मी ब्रश धुण्यावर काढला.

माझा सोबती भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मास्तर," तो म्हणाला, "आज गावाला सुट्टी हाय का काय? एक बी माणूस न्हाई, कुत्रं सुदिक न्हाई. आसं गाव म्या निवडणुकीच्या सभंला बगितलंय."

"गप रे. डबे गोळा कर. काम संपलं."

"खलास?"

"खलास."

म्हणजे मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आजींना खोलीत आणलं. मी त्यांना मनात आजीच म्हणत असे. घरातले नोकर त्यांना 'मामा' म्हणत, आई या अर्थाने, आणि बीडवाल्याला त्याचं रोज नव्याने हसू येई. आजी बुटक्या, ताठ, काळ्या अबायात. चेहऱ्यावर बतूला, जुन्या बायका नाकाकपाळावर बांधतात तो सोनेरी झाक असलेला मुखवटा. मोलकरीण हात धरून होती, पण खोलीत आल्यावर आजींनी तो सोडवून घेतला. त्या भिंतीसमोर आल्या आणि तोंड बाजूला, खिडकीकडे वळवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, बघतच नाहीत. मग लक्षात आलं, त्यांचं बघणं हेच होतं. डोळ्याच्या कडेने नदी धरायची. हळूहळू मान फिरवत त्या उजवीकडून डावीकडे सरकल्या. आकाशाला मान हलली, किल्ल्याला हलली. पाण्यावर आल्या तेव्हा थांबल्या.

आयुष्यभर घरातल्या ड्रायव्हर आणि स्वयंपाक्यांशी बोलून त्यांना कामचलाऊ हिंदी येत होतं. त्यांनी मला विचारलं, "आदमी किधर?"

मी समजावलं. तुमच्या मुलाने सांगितलं, या खोलीत माणसांची चित्रं नकोत.

"सही," त्या म्हणाल्या. "तस्वीर नहीं माँगता. लेकिन आदमी किधर गया?"

मी पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, जरा मोठ्याने. आपण समोरच्याला कळत नाही असं समजून करतो तसं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. तरीकडे बोट दाखवलं, मग शिडाच्या होडीकडे. काहीतरी अरबीत पुटपुटल्या, मोलकरणीचा हात धरला आणि निघून गेल्या. कॉफी आणली होती ती तशीच थंड झाली.

दोन दिवसांनी आमच्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. आजींनी ती खोली बंद करून घ्यायला सांगितली होती. नमाजही खाली स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत सुरू केली होती. साहेब वैतागले होते. आईचे डोळे दिवसागणिक कमी होतायत, तिने बघावं म्हणून एवढं केलं आणि ती दार उघडत नाही. मॅनेजरने मला तीन उपाय सुचवले. होड्यांत पिंपं ठेव, होड्यांत फुलं ठेव, नाहीतर होड्या काढूनच टाक. मॅनेजर लोकांना उपाय फार लवकर सुचतात. मी म्हटलं, आधी त्यांना विचारून येतो.

मला वाटतं, मी त्या दिवशी गेलो तो थोडा हट्टानेच. माझी नदी चांगली होती आणि ती बंद दारामागे का, हे मला कळायला हवं होतं.

आजी खाली बसल्या होत्या. त्यांनी मला समोर बसवलं, खजूर दिला. मी विचारलं, नदीत काय चुकलं? त्यांनी सांगितलं ते तुकड्यातुकड्याने, अर्धं हिंदी, अर्धं अरबी. मोलकरीण अडेल तिथे भर घालत होती.

त्या लहान होत्या तेव्हा त्यांचं घर समुद्राकाठी होतं. मोत्यांचे दिवस संपत आले होते, पण वडील अजून समुद्रावर जात, कधी मोत्यांसाठी, कधी मासळीसाठी. एकदा ते आणि दोघे सोबती छोट्या होडीने गेले आणि ठरल्या दिवशी आले नाहीत. मग एका सकाळी होडी दिसली. शीड वर होतं. वारा चांगला होता. वस्तीतल्या बायका किनाऱ्यावर धावल्या, त्यांची आई सगळ्यांत पुढे, हात वर करून ओरडत. लहानग्या आजी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेल्या होत्या. होडी आपली आपण वाळूला येऊन लागली. आत कोणी नव्हतं.

हुंदका वगैरे काही नाही. बतूला सारखा केला. मग मला म्हणाल्या, "तुम्हारा नदी में तीन नाव. आदमी नहीं. मैं कैसे बैठेगा उधर?"

मी कोकणातला माणूस, खाडीकाठी वाढलेला. पाण्याच्या मधोमध, कोणी नसलेली होडी मी तीनदा रंगवली होती, त्यांत एकीचं तर शीडही उभं, आणि मला त्यात फक्त राहिलेलं काम दिसलं होतं. त्यांना जे दिसलं ते त्या सकाळचं होतं.

"माणूस घालायचा नाही," मी म्हटलं, "आणि माणूस हरवायचा पण नाही. मग काय करू?"

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघितलं. इतकं सोपं या माणसाला कळत नाही असा तो भाव होता. "नाव किनारे लाओ," त्या म्हणाल्या. "आदमी घर गया."

होड्या किनाऱ्याला आणणं बोलायला सोपं होतं. मी आधी तिन्ही होड्या पुसल्या, पाणी पुन्हा भरलं. पुसलेल्या जागी नदी जरा जाड दिसत होती, ती दोनदा पातळ केली. मग घाटाच्या पायऱ्यांशी, मूळ चित्रात ती कपडे धुणारी बाई जिथे होती तिथे, खुंटे रोवले. तरीची होडी पायऱ्यांना लावली. मालवाहू होडीचं शीड उतरवायचं होतं, आणि जर्मन होडीचं शीड उतरवल्यावर कसं गुंडाळतात हे मला माहीत नव्हतं. मी आमच्या खाडीतल्या गलबतांचं लहानपणी बघितलं होतं तसं गुंडाळलं. कोणी जर्मन आला असता तर त्याने कदाचित नावं ठेवली असती. कोळ्याची होडी काठावर ओढून पालथी घातली. काठीवर जाळं वाळत टाकलं. गावातल्या धुराड्यांतून धूर काढला आणि दोन-तीन खिडक्यांत उजेड दिला.

बीडवाला बघत होता. त्याला आजींची गोष्ट मी सांगितली होती, आणि त्या दिवशी त्याच्या तोंडाचा पट्टा बंद होता. संध्याकाळी सामान आवरताना तेवढं म्हणाला, "आता बरं वाटतंया मास्तर. जेवायला गेल्यात समदी."

आजी आल्या. पुन्हा मान खिडकीकडे. या वेळी भिंतीच्या अगदी जवळ गेल्या. "रस्सी?" त्यांनी विचारलं. मी दोर दाखवले, कोणता कुठल्या खुंट्याला ते. त्यांनी प्रत्येक दोर बोटाने शोधला. कोळ्याची होडी पालथी का, असं विचारलं. मी म्हटलं, आज परत जायचं नाही म्हणून. ते त्यांना आवडलं. मग त्या मागे सरकल्या, चेहरा आणखी वळवला, आणि डाव्या टोकाला, लांबच्या वळणाकडे हात केला.

"वो?"

तो चौथा ठिपका. मी त्याला हातच लावला नव्हता. एवढ्या लांबवर माणूस दिसणार नाही, त्यामुळे तो नसल्याचाही प्रश्न नाही, असा माझा हिशेब. आम्ही दोघांनीही सोडून दिलेलं ते शीड या बाईंनी डोळ्यांच्या उरल्यासुरल्या कडेने पकडलं होतं. मी म्हटलं, पुसून टाकतो.

"नहीं," त्या घाईने म्हणाल्या. "वो आ रहा है. रहने दो. मैं देखेगा."

साहेब आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मूळ चित्रातली नदी वाहती, गजबजलेली होती, आणि भिंतीवर सगळं संध्याकाळचं, सामसूम. मोबाइलवरचा फोटो धरून ते मला फरक दाखवू लागले. आजी बैठकीवरून त्यांच्याशी अरबीत काहीतरी बोलल्या, चार वाक्यं असतील. साहेबांनी मोबाइल खिशात घातला. आजोबांची गोष्ट त्यांना माहीत होती का, तेव्हाच कळली, की माहीत असून ध्यानात आली नव्हती, ते मी विचारलं नाही. माझा तो संबंध नव्हता. ते आईशेजारी जाऊन बसले आणि दोघंही नदीकडे तोंड करून कॉफी प्यायले.

त्यानंतर मी दुसऱ्या कामांना लागलो. एका हॉटेलच्या लॉबीत सोनेरी पानं, एका दाताच्या दवाखान्यात कार्टूनचे मासे. साहेबांच्या ड्रायव्हरकडून अधूनमधून कळायचं. आजी रोज त्या खोलीत बसतात, भिंतीच्या समोरच्या बैठकीवर, मान वाकडी करून. मान दुखते म्हणून डॉक्टरांनी पट्टा दिला तो त्यांनी फेकून दिला. नातवंडं आली की त्यांना डावीकडचं शीड दाखवतात आणि विचारतात, जवळ आलं का? मुलं हसतात, हो म्हणतात. मला ऐकून बरं वाटायचं. आपलं चित्र कोणी एवढं बघतंय, हे माझ्या धंद्यात सहसा होत नाही.

रमजान संपल्यावर साहेबांचा फोन आला, थेट मला. आईला तू हवा आहेस. काय काम आहे ते ती सांगत नाही.

मी बीडवाल्याला घेऊन गेलो. आजी त्याच जागी, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण मान सरळ होती. तेवढ्याने मला कळलं. दिवस आहे की रात्र एवढंच आता समजतं, असं मोलकरणीने हळूच सांगितलं. मी सलाम केला तेव्हा आजींनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"वो नाव," त्या म्हणाल्या. "अभी बाहर है?"

मी हो म्हटलं.

"पहले मैं देखता था. रोज देखता था. अब कौन देखेगा?" त्यांनी हात माझ्याकडे केला, तळवा वर. "अंदर लाओ."

बीडवाल्याने मला दाराबाहेर गाठलं. "मास्तर, रागवू नका. पन त्यास्नी दिसतंय का काई? जरा खुडबुड करू, आन सांगू आणली म्हणून. म्हातारीला तेवढंच समादान."

सल्ला वाईट नव्हता. त्याचं मन मोठं आहे, आणि तो हे कामचुकारपणाने बोलला नव्हता. मी त्याला म्हटलं, संध्याकाळी नातवंडं येतील आणि आजी त्यांना विचारतील, मग? कारण खरं होतं, पण ते मी त्याला दिलेलं कारण. माझ्यापुरतं सांगायचं तर मला ती होडी बाहेर ठेववत नव्हती. दिवसभर दुसरीकडे काम करत असतो आणि ती तिथे वळणावर तशीच असते, हे मला झेपलं नसतं.

लांबची होडी जवळ आणायची तर ती मोठी होते. बोटाच्या पेराएवढं शीड घाटाला लावायचं म्हटल्यावर हातभर लांबीची अख्खी होडी रंगवावी लागली. काठ, फळ्या, वल्ही, आतली बसायची आडवी फळी. मूळ चित्रात यातलं काहीच नव्हतं. त्या जर्मन माणसाने फक्त एक पांढरा ठिपका ठेवला होता, होडी कशी आहे ते त्यालाही माहीत नसणार. मी आजींना विचारत गेलो. तळ रुंद की निमुळता? वल्ही किती? त्या बसल्या जागेवरून सांगत होत्या. वडिलांच्या होडीला पुढे एक ठिगळ होतं, गडद लाकडाचं, डाव्या अंगाला. मी ते घातलं. तरी आणि मालवाहू होडीच्या मधे जागा होती, तिथे ती बरोबर बसली. शीड उतरवून आडवं ठेवलं. वल्ही आत घेतली. शेवटी वळणावर जाऊन तो पांढरा ठिपका डोंगराच्या रंगात मिटवला. डाव्या टोकाला आता नुसतं पाणी होतं.

झालं म्हटल्यावर त्या उठून भिंतीशी आल्या. कुठे ते त्यांना कळेना. मी ब्रशच्या दांडीने भिंतीवर टकटक केलं. ही तरी. ही मोठी होडी. आणि ही, मधली. त्या आवाजाच्या मागे मागे त्यांचा हात आला.

"पाल?" त्यांनी शिडाचं विचारलं.

"उतारा."

"रस्सी?"

"बाँधा. दो गाँठ."

"पानी में और कोई?"

मी नदीकडे नीट बघितलं, उजवीकडून डाव्या टोकापर्यंत. त्यांच्या वतीने बघायचं होतं, म्हणून सावकाश बघितलं. "कोई नहीं," मी म्हटलं. "सब अंदर आ गया." मागे बीडवाला नाक ओढत होता आणि त्याचा दोष पुटीच्या धुळीला देत होता, जी त्या दिवशी खोलीत नव्हती.

आजींनी देवाचं नाव घेतलं. मोलकरणीने त्यांना नेहमीच्या समोरच्या बैठकीकडे वळवलं, पण त्यांनी मान हलवली आणि एक तक्का इकडे मागवला. मग त्या नदीच्या भिंतीशीच खाली बसल्या, घाटाच्या बाजूला, रंग वाळलेल्या जागी, आणि नदीला पाठ टेकून त्यांनी कॉफी मागितली.